विद्येचा विश्वास आणि विद्येचा हिशेब

विद्येच्या क्षेत्रात विश्वास हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आईबाप आपले मूल महाविद्यालयाच्या स्वाधीन करतात ते विश्वासाने. विद्यार्थी उत्तरपत्रिका परीक्षकाच्या हाती देतो ती विश्वासाने. शासन अनुदान देते आणि दाते देणगी देतात तीही विश्वासानेच. परंतु या विश्वासाचा आधार कोणता, असा प्रश्न कोणी केला, की प्रश्न करणाराच संशयखोर, कृतघ्न, प्रसंगी संस्थेचा शत्रू ठरतो. जेथे विश्वास आहे तेथे हिशेब मागू नये, आणि हिशेब मागितला की विश्वास संपला, अशी एक समजूत आपल्या शिक्षणक्षेत्रात रूढ झालेली आहे.

ही समजूत बौद्ध परंपरेस मान्य नाही आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शैक्षणिक कार्याशीही ती जुळत नाही, हे प्रस्तुत लेखात आम्ही दाखवू इच्छितो. त्यासाठी आम्ही मुख्यतः आपल्याच भूमीतील इतिहासाचा आधार घेतला आहे. गोदावरीचे खोरे, नाशिकची लेणी, औरंगाबादचे नागसेनवन आणि परभणी जिल्ह्यातील येलदरीसारखी गावे, एवढ्या परिघात हा विषय बराचसा उलगडता येतो.

गोदावरीकाठचा आचार्य

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात येलदरी येथे जी पूर्णा नदी अडविली आहे, ती पुढे गोदावरीस मिळते. याच गोदावरीच्या तीरी तथागतांच्या काळी बावरी नावाचा एक वृद्ध ब्राह्मण आचार्य राहत असे, असे सुत्तनिपातातील पारायणवग्ग सांगतो. कोसल देशातून तो दक्षिणेत आला आणि अस्सक जनपदाच्या प्रदेशात आश्रम बांधून शिष्यांस शिकवू लागला. एकदा एका याचकाने त्याच्याकडे पाचशे नाणी मागितली. यज्ञात सर्व काही देऊन टाकल्यामुळे बावरीजवळ काहीच उरले नव्हते. तेव्हा, सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील, असा शाप त्या याचकाने दिला. बावरी भयभीत झाला. मस्तक म्हणजे काय आणि मस्तकाचे विदारण म्हणजे काय, हे आपणास ठाऊक नाही, हे त्याने मान्य केले आणि आपले सोळा शिष्य उत्तरेस बुद्धांकडे पाठविले.

प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण, तेथून माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कोसंबी, साकेत, सावत्थी या मार्गाने ते शिष्य राजगृहापर्यंत गेले. त्यांनी बुद्धांस वंदन करण्यापूर्वी त्यांची परीक्षा घेतली आणि मग प्रत्येकाने आपापला प्रश्न विचारला. अविद्या हेच मस्तक आणि विद्या हीच त्याचे विदारण करणारी, असे उत्तर त्यांना मिळाले. त्यांपैकी पिंगिय परत गोदावरीतीरी आला आणि घडलेले सर्व त्याने बावरीस निवेदन केले.

या कथेतील शापाचा भाग कोणी पुराणकथा म्हणून बाजूस ठेवला, तरी उरतो तो भाग आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आपणास जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणणारा आचार्य, शिष्यांस आपल्यापाशी डांबून न ठेवता अधिक जाणत्याकडे पाठविणारा आचार्य, आणि त्या जाणत्यासही प्रश्न विचारून पारखणारे शिष्य, अशी ही विद्येची व्यवस्था आहे. आपल्या खोऱ्यातील उच्चशिक्षणाची ही सर्वांत जुनी आठवण म्हटली पाहिजे.

गुरूची परीक्षा आणि भांडाराची किल्ली

तथागतांनी हा विचार आणखी पुढे नेला. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात ते भिक्खूंना सांगतात की, खुद्द तथागतांचीही परीक्षा करावी. जे डोळ्यांनी दिसते आणि जे कानांनी ऐकू येते, त्यात काही मलिन आहे काय, शील दीर्घकाळ पाळले जाते की अलीकडेच धरले आहे, कीर्ती लाभल्यावर वर्तनात दोष शिरला आहे काय, हे सर्व तपासावे. अशा तपासणीतून जी श्रद्धा निर्माण होते तिला तेथे आकारवती श्रद्धा म्हटले आहे. आकारवती म्हणजे कारणांवर उभी असलेली. याच निकायाच्या चंकी सुत्तात तिच्या उलट अमूलिका श्रद्धेचा उल्लेख येतो. अमूलिका म्हणजे जिला मूळ नाही अशी. विश्वास आणि हिशेब यांचा संबंध एवढ्या नेमक्या शब्दांत सांगणारी अन्य संज्ञा आम्हांस आढळलेली नाही.

विनयपिटकात हीच दृष्टी नियमांच्या रूपाने दिसते. महावग्गात शिष्याने उपाध्यायाची सेवा कशी करावी याचे बारीकसारीक वर्णन आहे. पण त्याच यादीत, उपाध्याय बोलता बोलता दोषास पात्र होईल असे दिसले तर शिष्याने त्यास आवरावे, हेही कर्तव्य म्हणून सांगितले आहे. वर्षावास संपला की पवारणा येते. त्या दिवशी वयाने व ज्ञानाने श्रेष्ठ भिक्खूसुद्धा संघापुढे हात जोडून म्हणतो की, माझ्याविषयी कोणी काही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा कोणास शंका असेल, तर करुणेने मला सांगावे. येथे पुराव्याची वाट न पाहता नुसत्या शंकेसही बोलण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

वस्तूंच्या बाबतीत विनय अधिकच काटेकोर आहे. संघाच्या भांडारावर कोणास नेमावे? ज्यास पक्षपात, द्वेष, मोह आणि भय या चार गोष्टी वाट चुकवू शकत नाहीत आणि काय जपले गेले व काय जपले गेले नाही हे ज्यास कळते, अशा भिक्खूस. त्याची नेमणूकही कोणी एकट्याने करावयाची नसते. संघापुढे ठराव मांडून ती करावयाची असते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खुसंघाच्या याच कार्यपद्धतीचे स्मरण करून दिले होते. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम या देशास अपरिचित नव्हते, असे त्यांनी त्या वेळी सांगितले.

दगडावर कोरलेला हिशेब

नियम ग्रंथात असणे निराळे आणि व्यवहारात उतरणे निराळे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. त्याचे उत्तर नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्याच्या भिंतीवर आहे.

क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत हे लेणे चारी दिशांच्या भिक्खुसंघास दिले. त्याबरोबर त्याने तीन हजार कार्षापणांची अक्षयनिवी दिली. अक्षयनिवी म्हणजे मूळ रक्कम कधीही मोडावयाची नाही आणि केवळ व्याज वापरावयाचे, असे कायम दान. ही रक्कम त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एका श्रेणीकडे दोन हजार, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने. दुसरीकडे एक हजार, दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंस प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे आणि दुसऱ्या रकमेच्या व्याजातून त्यांचा किरकोळ खर्च भागवावयाचा.

वाचकांनी हा हिशेब स्वतः करून पाहावा. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक म्हणजे महिन्यास वीस आणि वर्षास २४० कार्षापण. वीस भिक्खूंस प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. जमा आणि खर्च तंतोतंत जुळतात. सुमारे एकोणीस शतकांनंतरही कोणाही साक्षर माणसास तो पडताळता येतो. शिवाय हे दान निगमसभेत जाहीर करण्यात आले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदविण्यात आले, असे तोच लेख सांगतो. दाता कोण, रक्कम किती, ती कोणाकडे ठेवली, दर काय, खर्च कशासाठी आणि घोषणा कोठे झाली, ही सारी माहिती तेथे आहे. उषवदात हा राजकुळातला पुरुष होता. त्यास हिशेब विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. तरीही हिशेब भिंतीवर कोरला गेला, कारण दान घेणारा संघ आणि पैसा सांभाळणारी श्रेणी या दोघांनाही पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवणारा तोच एक दुवा होता.

ताम्रलिप्तीचा ‘कुलपती’

पुढे महाविहारांचा काळ आला. नालंदेच्या निर्वाहासाठी गावेच्या गावे तोडून दिलेली होती. ह्युएन त्संगच्या चरित्रात ही संख्या शंभर सांगितली आहे आणि त्यानंतर काही दशकांनी आलेला इत्सिंग ती दोनशेहून अधिक सांगतो. एवढी संपत्ती हाती आली की सत्ता एकवटते, हा सर्वकालीन अनुभव आहे. त्यावर विहारांनी कोणता उपाय योजला होता, याचे एक उदाहरण इत्सिंगनेच नोंदविले आहे.

इ. स. ६७३ मध्ये तो वंगदेशातील ताम्रलिप्ती बंदरावर उतरला. तेथील एका विहाराची व्यवस्था त्यास फार नमुनेदार वाटली. त्या विहारात प्रत्येक गोष्ट सभेपुढे ठेवून ठरविली जात असे. एखाद्या भिक्खूने सभेस न विचारता एकट्याच्या मर्जीने निर्णय घेतला किंवा आपल्या इच्छेनुसार कोणास झुकते माप दिले, तर त्यास विहारातून घालवून देत आणि त्यास ‘कुलपती’ म्हणत. म्हणजे हा भिक्खू राहिला नाही, सार्वजनिक वस्तूस स्वतःचे घरदार समजणारा गृहस्थ झाला, असा त्याचा अर्थ.

आज आपल्या विद्यापीठांत कुलपती हे सर्वोच्च पदाचे नाव आहे. शब्दाचा प्रवास कसाही झालेला असो, त्या जुन्या अर्थाने कुलपती ठरतील असे लोक शिक्षणसंस्थांत किती आहेत, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. संस्था ही खासगी मिळकत समजणे, नोकरभरती नात्यागोत्यात करणे, विश्वस्तपद वारसाहक्काने मुलाकडे देणे, ही सारी त्या विहाराने हद्दपार केलेली वृत्ती होय.

बाबासाहेबांची भूमिका

बाबासाहेबांच्या विद्याविषयक विचारात उत्तरदायित्वाचा प्रश्न आरंभापासून आहे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ती घेताना त्यांनी दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार केला होता. तो पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्यास गेलेही. परंतु अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळू नये अशी अवस्था झाल्याने त्यांना परतावे लागले. करार एकाने पाळावयाचा आणि दुसऱ्या बाजूच्या समाजाने माणुसकीची किमान अटही पाळावयाची नाही, हा अनुभव त्यांना तरुण वयातच आला.

मुंबई विधान परिषदेत १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सरकारकडेच हिशेब मागितला. दारूवरील करातून दरडोई किती घेता आणि शिक्षणावर दरडोई किती खर्च करता, अशी तुलना त्यांनी मांडली. लोकांकडून अबकारीपोटी जेवढे घेतले जाते निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, ही त्यांची मागणी होती. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यावरील चर्चेत, विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांना स्थान असावे असे त्यांनी आग्रहाने मांडले. ज्यांच्या नावाने विद्यापीठ चालते ते आत बसलेले नसतील, तर त्यांच्या हिताचा जाब कोण विचारणार, हा त्यामागील विचार होता. २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात त्यांनी व्हाइसरॉयसमोर अस्पृश्यांच्या उच्चशिक्षणाचा प्रश्न मांडला आणि त्यातूनच १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची केंद्रीय योजना सुरू झाली. आज लक्षावधी विद्यार्थ्यांना आधार देणाऱ्या या योजनेचा उगम असा हिशेब मागण्यात आहे.

नागसेनवन : नावातच असलेली अट

८ जुलै १९४५ रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले आणि जून १९५० मध्ये औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे ते महाविद्यालय सुरू झाले, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. निजामी राजवटीत मराठवाड्यातील मुलास पदवीसाठी हैदराबादची वाट धरावी लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. अशा प्रदेशातील दलित मुलास उच्चशिक्षण ही कल्पनाच अप्राप्य होती. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आले. नागसेनवन त्याच्या आठ वर्षे आधी उभे राहिले.

मिलिंद आणि नागसेन ही नावे निवडण्यात बाबासाहेबांनी एक अट घालून ठेवली आहे, असे आम्हांस वाटते. मिलिंदप्रश्नात राजा मिलिंद वादास आमंत्रण देतो, तेव्हा भदंत नागसेन विचारतात की, आपण पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या रीतीने? पंडितांच्या वादात कोणी दोष दाखविला तर तो मान्य केला जातो आणि त्यावरून राग धरला जात नाही. राजांच्या वादात मात्र विरोध करणाऱ्यास दंड होतो. मिलिंदाने पंडितवाद स्वीकारला आणि राजदंड बाजूस ठेवला, म्हणूनच तो संवाद घडू शकला. ज्या संस्थेचे नाव मिलिंद आहे, तिच्या आवारात प्रश्न विचारणाऱ्यावर दंड उगारता येत नाही. प्रत्येक प्राचार्याने व प्रत्येक विश्वस्ताने ही अट स्वतःस बांधून घेतली पाहिजे.

आणि येथेच आपणांस आत्मपरीक्षण करावे लागते. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी स्थापिलेल्या याच सोसायटीच्या विश्वस्तपदावरून गटागटांचे वाद झाले आणि वर्षानुवर्षे धर्मादाय आयुक्त व न्यायालये यांच्यापुढे चालत राहिले, हे सर्वविदित आहे. कोणता गट बरोबर हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु न्यायालयात खरा विश्वस्त कोण एवढेच ठरते. गेल्या वर्षी किती मुले आली, किती उत्तीर्ण झाली, किती मधूनच गेली आणि वसतिगृहाच्या छपराचे काय झाले, हे तेथे ठरत नाही. विश्वस्तांचा वाद चालू असताना विश्वास ज्यांनी ठेवला त्यांची बाजू मांडणारा कोणी नव्हता, ही खरी हानी होय. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम हाही १९५० चाच. लेखापरीक्षण व विश्वस्तबदलाची नोंद यांची सक्ती त्याने केली. नागसेनवनाच्या जन्माच्या वर्षीच कायद्याने जे मागितले, ते आपण कायद्याच्या आधी, धम्माच्या आधारे, स्वतः होऊन द्यावयास हवे होते.

विधिमंडळाचे वचन

विश्वास केवळ संस्थांवर ठेवला जात नाही, तो राज्यावरही ठेवला जातो. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, घरे जाळली गेली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांचे प्राण गेले, तो इतिहास वाचकांस नव्याने सांगावयास नको. परभणी जिल्हाही त्या वणव्यातून सुटला नाही. सभागृहाने केलेल्या ठरावाची अंमलबजावणी होण्यास १४ जानेवारी १९९४ ही तारीख उजाडावी लागली. त्या साडेपंधरा वर्षांत लाँग मार्च निघाला, तुरुंग भरले, आणि २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेड येथे गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले.

यात एक बाब फारशी बोलली जात नाही. नामविस्तार झाला त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि परभणी जिल्ह्यातील महाविद्यालये त्याच्याकडे गेली. नवे विद्यापीठ दूरच्या विद्यार्थ्यांच्या सोयीचे होते, त्यास आमचा आक्षेप नाही. परंतु नांदेड आणि परभणी या ज्या जिल्ह्यांतील वस्त्यांनी त्या नावासाठी सर्वाधिक सोसले, त्यांच्याच मुलांच्या पदवीपत्रांवर ते नाव आले नाही. सोळा वर्षे विलंब करणाऱ्या राज्याने या विलंबाचा जाब कधीही दिला नाही. दिलेले वचन उशिरा पाळले की विश्वास परत येतो असे नाही. उशीर का झाला हे सांगितल्याशिवाय तो परत येत नाही.

उलट बाजूचे एक उदाहरणही याच मराठवाड्याशी निगडित आहे. एम. डी. परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणी एका डॉक्टराने दाखल केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि मार्च १९८६ मध्ये मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना पद सोडावे लागले. परीक्षेतील गुणांचा प्रश्न एका सामान्य अर्जदाराने विचारला आणि राज्याच्या सर्वोच्च पदास त्याचे उत्तर द्यावे लागले. विचारण्याची वाट मोकळी असेल तर काय घडू शकते, हे यावरून दिसते.

येलदरीच्या मुलाचा प्रश्न

येलदरीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. तेथील पाणी वीज निर्माण करून खाली सिद्धेश्वर जलाशयात जाते आणि तेथून कालव्यांनी शेतांपर्यंत पोहोचते. जलाशयात किती पाणी आहे, किती आले, किती सोडले, याची रोज नोंद होते आणि पावसाळ्यात ते आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात. कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्यास पाणी मिळाले नाही तर निदान धरणात किती होते हे सांगून तो भांडू शकतो.

त्याच परिसरातील एखादा मुलगा किंवा मुलगी जेव्हा जिंतूर, परभणी किंवा त्याहून दूरच्या महाविद्यालयात जाते, तेव्हा तिच्या नावाने आलेल्या शिष्यवृत्तीची पातळी तिला कोण दाखवितो? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा खर्च २०२०-२१ पासून केंद्राने ६० टक्के व राज्याने ४० टक्के उचलावा असे ठरले आहे. राज्यात २०१८ च्या सुमारास महाडीबीटी ही संगणकीय व्यवस्था आली. तत्पूर्वीच्या वर्षांत शिष्यवृत्तीच्या रकमांतील गैरव्यवहारांची चौकशी करण्यासाठी शासनास पोलीस अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली विशेष पथक नेमावे लागले होते. विद्यार्थी कागदावर दाखवून त्यांच्या नावाने रक्कम उचलणे, हे त्यातील आक्षेपांचे स्वरूप होते. याचा अर्थ ज्या योजनेसाठी बाबासाहेबांनी व्हाइसरॉयशी वाद घातला, तिचा पाट मधल्या मध्ये फोडला गेला.

रक्कम उशिरा आली की शुल्कासाठी तगादा विद्यार्थ्यास लागतो, प्रसंगी गुणपत्रिका अडकते. आणि उशीर कोणत्या टेबलावर झाला हे मात्र त्याला कधीच कळत नाही. जाब द्यावयाचा तो वरच्याने. येथे तो खालच्याकडून घेतला जातो. शहरातील मोठ्या संस्थांत हाच प्रश्न अधिक उग्र रूप घेतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समतेविषयीचे विनियम केले होते. तरीही २०१६ मध्ये हैदराबाद येथे रोहित वेमुला आणि २०१९ मध्ये मुंबई येथे डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले. या दोघांच्या मातांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. नियम पुस्तकात होते आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारा कोणी नव्हता, हीच त्यांची तक्रार होती.

शिकलेल्यांचे उत्तरदायित्व

हिशेब केवळ संस्थाचालकांनी व शासनाने द्यावयाचा आणि लाभ घेतलेल्यांनी मोकळे राहावयाचे, असे मात्र नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. ती व्यथा ऐकून डोळे पुसणे सोपे आहे; आपल्या शिक्षणावर समाजाने जे खर्च केले त्याचे खाते मांडणे कठीण आहे. सिगालोवाद सुत्तात आचार्याने शिष्यास हातचे न राखता सर्व विद्या शिकवावी असे सांगितले आहे. जो प्राध्यापक तास घेत नाही, जो परीक्षक न वाचता गुण देतो, जो संशोधक दुसऱ्याचे लिखाण आपल्या नावावर खपवितो, तो विद्येच्या अक्षयनिवीचे मूळ मोडतो. तो आपल्यापैकी आहे म्हणून त्यावर मौन पाळणे हे पक्षपाताने वाट चुकणे होय, आणि विनयाने भांडारिकास जे चार दोष वर्ज्य सांगितले त्यांत पक्षपात पहिला आहे.

पवारणेचा दिवस

आमची सूचना साधी आहे. आश्विन पौर्णिमेस वर्षावासाची समाप्ती होते आणि पवारणा येते. त्या दिवशी आपल्या प्रत्येक विहाराने, वसतिगृहाने व शिक्षणसंस्थेने वर्षाचा हिशेब उपासक-उपासिका, पालक आणि विद्यार्थी यांच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावा. किती दान आले, कोणाकडे ठेवले, कशावर खर्च झाले. किती मुले दाखल झाली, किती उत्तीर्ण झाली, किती शिक्षण सोडून गेली आणि का. कोणती पदे रिक्त आहेत आणि भरती कशी झाली. त्यानंतर, कोणी काही पाहिले, ऐकले किंवा कोणास काही शंका असल्यास सांगावे, असे विश्वस्तांनीच हात जोडून म्हणावे. हा मजकूर दर्शनी भागातील फलकावर वर्षभर लावलेला असावा.

यासाठी नवा कायदा, नवे अनुदान किंवा कोणाची परवानगी लागत नाही. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे आणि तो आपण वापरलाच पाहिजे. पण आपल्याच संस्थेकडे अर्ज करून माहिती मागावी लागणे ही त्या संस्थेची नामुष्की आहे. हे प्रथम आपल्या घरी सुरू झाले, तर शासनाकडे व विद्यापीठाकडे हिशेब मागण्याचे आपले नैतिक बळ शतपटीने वाढेल.

उषवदाताचे राज्य गेले, त्याच्या सासऱ्याची नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा छापली, आणि गोवर्धनच्या विणकरांची श्रेणी काळाच्या उदरात लुप्त झाली. त्रिरश्मीच्या भिंतीवर वीस भिक्खूंच्या चीवरांचा तो हिशेब मात्र अजून जुळतो. आपल्या संस्थांचे हिशेब पुढच्या पिढीस तसेच वाचता येतील अशी व्यवस्था करणे, हे आजच्या विश्वस्तांचे आणि त्यांना निवडून देणाऱ्या समाजाचे पहिले कर्तव्य आहे.